तालीम कोणासाठी?

नव्वदच्या दशकात बोरीवलीत वाढलेल्या आम्हा मुलांना बर्फ दोनच ठिकाणी भेटायचा. एक, गोळेवाल्याच्या गाडीवर. दुसरा, गोराईच्या खाडीपलीकडे, एस्सेल वर्ल्डमधल्या आइस स्केटिंगच्या रिंकमध्ये. एका बासी ईदला अब्बा आम्हा तिघा भावंडांना बोटीने तिकडे घेऊन गेले होते. भाड्याचे जड बूट पायात अडकवले आणि मी बर्फावर पाऊल ठेवताच पाय माझे राहिले नाहीत. अब्बा कठड्याबाहेर उभे होते. त्यांनी ओरडून सांगितले, "पडायचंच आहे तर आधी इथे, कठड्याजवळ पड. मधोमध जाऊन पडू नकोस."

तेव्हा ते नुसते बापाचे ओरडणे वाटले. आज हिवाळी ऑलिंपिकच्या बातम्या वाचताना तेच वाक्य आठवते, कारण मोठ्या स्पर्धेआधी त्याच मैदानावर ज्या चाचणी स्पर्धा घेतात, त्यांचा सगळा अर्थ त्या एका वाक्यात आहे. पडायचे असेल तर आधी पडा, आणि जिथे कमी लागेल तिथे पडा.

आमच्या घरात 'तालीम' म्हणजे शिक्षण. घराबाहेरच्या मराठीत तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा, आणि नाटकवाल्यांची तालीम म्हणजे प्रयोगाआधीचा सराव. शब्द एकच, अर्थ तीन. पण तिन्हींत एक गोष्ट समान आहे : तालमीत चुकण्याची मुभा असते. किंबहुना चुका दिसाव्यात म्हणूनच तालीम घ्यायची असते. चाचणी स्पर्धा ही अशीच रंगीत तालीम आहे. मला या लेखात एवढाच प्रश्न विचारायचा आहे की, ही तालीम नेमकी कोणासाठी असते? आयोजकांसाठी, की ज्यांना त्या जागेची सवय नाही त्यांच्यासाठी?

६ फेब्रुवारी २०२६ पासून इटलीत मिलान आणि कोर्तिना इथे हिवाळी ऑलिंपिक भरले. मिलानमधल्या सांताजुलिया भागात आइस हॉकीसाठी नवे स्टेडियम बांधायला घेतले. बांधकाम रेंगाळत गेले. डिसेंबरमध्ये वीस वर्षांखालील मुलांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा तिथे चाचणी म्हणून व्हायची होती, ती शहरातल्या दुसऱ्या रिंकवर हलवावी लागली. अखेर ९ जानेवारीला इटलीतल्याच स्थानिक संघांचे सामने घेऊन सांताजुलियाची चाचणी सुरू झाली आणि पहिल्याच सामन्यात बर्फाला छोटे भोक पडले. खेळ थांबवून ते बुजवावे लागले. जगभर बातम्या झाल्या. समाजमाध्यमांवर थट्टाही झाली.

माझ्या मते त्या भोकात थट्टेसारखे काही नाही. ते भोक म्हणजे चाचणी आपले काम करत असल्याची खूण आहे. रिंकचा बर्फ फ्रीजमधल्या ट्रेसारखा एकदा पाणी ओतून तयार होत नाही. थंड केलेल्या फरशीवर पाण्याचे पातळ थर एकामागून एक फवारत तो वाढवावा लागतो, आणि शेवटी त्याची जाडी भरते जेमतेम काही सेंटीमीटर. हॉल रिकामा असताना तो एक वागतो. हजारो माणसे आत येऊन बसली, त्यांच्या श्वासाची वाफ आणि अंगाची ऊब हवेत मिसळली, वरचे दिवे पेटले, की तोच बर्फ वेगळा वागतो. हे कागदावर मोजून कळत नाही. प्रेक्षक बसवून, सामना खेळवूनच कळते.

आणि चाचणी काही एकट्या बर्फाची नसते. खेळाडू जखमी झाला तर स्ट्रेचर कोणत्या दाराने बाहेर जाणार, ते दार त्या वेळी कुलूपबंद तर नसेल ना, रुग्णवाहिकेच्या वाटेत दूरदर्शनवाल्यांच्या केबल आडव्या येतात का, वेळ मोजणारे यंत्र शंभराव्या सेकंदालाही साथ देते का, मध्यंतरात सगळे प्रेक्षक एकदम स्वच्छतागृहाकडे निघाले तर काय होते, पिवळे जाकीट घातलेल्या कॉलेजच्या पोराला 'बाहेर जायचा रस्ता कुठला' असे विचारले तर त्याला सांगता येते का? अशा शेकडो लहान गोष्टी त्या एका दिवशी पाहून घ्यायच्या असतात.

तेव्हा भोक पडले हा दोष नाही. दोष आहे तारखेचा. भोक सापडले तेव्हा स्पर्धेला महिनाही उरला नव्हता. तालीम इतकी उशिरा घेतली, की चूक दिसली तरी ती सुधारायला वेळ नाही, तर ती तालीम नुसती हजेरी ठरते. कोर्तिनातल्या बॉबस्ले आणि ल्यूजच्या ट्रॅकचेही काम उशिरा सुरू झाले होते. ऑलिंपिक समितीचाच त्या बांधकामाला विरोध होता. परदेशातला तयार ट्रॅक वापरा, असे ती सांगत होती. पण तिथे निदान मार्च २०२५ मध्ये खेळाडूंना बोलावून पहिल्या घसरफेऱ्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये विश्वचषकाच्या शर्यती झाल्या. म्हणजे शिकायला एक अख्खा उन्हाळा मिळाला.

आता ज्या तालमीने सगळे सांगितले होते, तरी ऐकले गेले नाही, तिची गोष्ट.

२०१० चे हिवाळी ऑलिंपिक कॅनडात व्हँकूव्हरला होते आणि ल्यूजचा ट्रॅक होता व्हिसलरला. ल्यूज म्हणजे छोट्या घसरगाडीवर पाठीवर झोपून, पाय पुढे करून, बर्फाच्या वळणदार पन्हाळीतून खाली येणे. हातात ब्रेक नाही, डोक्यावर फक्त हेल्मेट. फेब्रुवारी २००९ मध्ये, म्हणजे बरोबर एक वर्ष आधी, तिथे चाचणी म्हणून विश्वचषकाची शर्यत झाली. जर्मनीच्या फेलिक्स लोखने ताशी जवळपास १५४ किलोमीटरचा वेग गाठला. ट्रॅक आखताना धरलेल्या वेगापेक्षा हा बराच जास्त होता. आंतरराष्ट्रीय ल्यूज महासंघाचे अध्यक्ष योसेफ फेंट यांनी उघडपणे म्हटले की, हा ट्रॅक फार वेगवान आहे. चाचणीने आपले काम चोख केले होते. धोका आकड्यासकट समोर ठेवला होता.

त्यानंतरच्या वर्षभरात काय झाले? ट्रॅक तसाच राहिला. आणि कॅनडाने 'ओन द पोडियम' नावाचा कार्यक्रम राबवला होता, घरच्या मैदानावर जास्तीत जास्त पदके मिळवण्याचा. यजमान देशाच्या खेळाडूंना त्या ट्रॅकवर भरपूर सराव मिळाला, बाहेरच्यांच्या कितीतरी पट. नियम मोडला नव्हता. यजमान हा फायदा नेहमीच घेतात.

१२ फेब्रुवारी २०१०. उद्घाटन सोहळ्याला काही तास उरले होते. जॉर्जियाचा २१ वर्षांचा नोदार कुमारिताश्विली सरावाच्या फेरीत शेवटच्या वळणावरून बाहेर फेकला गेला आणि ट्रॅकलगतच्या लोखंडी खांबावर आदळून गेला. महासंघाने म्हटले, चालवण्यात त्याची चूक झाली. पण कॅनडातल्याच मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने आपल्या अहवालात नोंदवले की, अशा अवघड ट्रॅकचा पुरेसा अनुभव नसणे हे त्याच्या विरोधात गेले. मृत्यूनंतर एका रात्रीत भिंत उंच केली गेली आणि पुरुषांची शर्यत खालून, महिलांच्या सुरुवातीच्या जागेवरून सोडली गेली. म्हणजे जे करायला एक वर्ष हाती होते, ते एका रात्रीत करता आले. पुढे रशियातल्या सोचीचा ट्रॅक बांधताना वेग आटोक्यात राहावा म्हणून त्यात मुद्दाम चढाचे तीन टप्पे ठेवले. शहाणपण आले, पण एका पोराचा जीव घेऊन आले.

त्याच शर्यतीत आपला शिवा केशवनही होता. मनालीजवळचा हा मुलगा १९९८ पासून २०१८ पर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. भारतात ल्यूजचा ट्रॅक नाही. घसरगाडीला चाके लावून तो हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर, ट्रक, मेंढरे चुकवत सराव करायचा. आता सांगा, चाचणी स्पर्धेची जास्त गरज कोणाला? ज्याच्या घराशेजारी ट्रॅक आहे त्याला, की डांबरावरून थेट बर्फावर येणाऱ्याला?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. माझी भाची आमच्या सोसायटीच्या आवारात चाकांच्या स्केट्सवर शिकली. सकाळी सहाला, गाड्या निघायच्या आत. पुढे ती आइस स्केटिंगकडे वळली. मुंबईतल्या, पुण्यातल्या बऱ्याच मुलांची वाट हीच आहे. महाराष्ट्रात ना गोठणारे तळे आहे, ना मोठे रिंक, तरी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत आपली पोरे आइस स्केटिंगची पदके आणतात, याचे मला फार कौतुक आहे. गेल्या वर्षी ती उत्तरेतल्या एका स्पर्धेला गेली. स्पर्धेआधी त्या बर्फावर तिला मिळाली फक्त वीस मिनिटे. परत आल्यावर मी विचारले, "कसा होता बर्फ?" ती म्हणाली, "मामू, वीस मिनिटांत नुसतं उभं राहायला जमलं. वळायचं कसं ते मला शर्यतीतच कळलं." शेजारच्या लेनमधली मुलगी त्याच बर्फावर अख्खा हिवाळा घालवून आली होती. माझी आपा बाजूला बसून लेकीच्या गुडघ्यावरचा काळानिळा डाग पाहत होती. कोणी अन्याय केला असे मी म्हणणार नाही. पण दोघींची परीक्षा एक होती, तालीम एक नव्हती.

मोठ्या स्तरावरही हेच चालते. बीजिंगच्या २०२२ च्या ऑलिंपिकआधी यानचिंगच्या डोंगरउतारावर फेब्रुवारी २०२० मध्ये स्कीइंगचा विश्वचषक चाचणी म्हणून ठरला होता. कोविड आला आणि ती स्पर्धा रद्द झाली. दोन वर्षांनी जगातले नावाजलेले स्कीपटू तो उतार पहिल्यांदाच पाहत होते. त्याच यानचिंगला भारताचा एकुलता एक खेळाडू उतरला होता, काश्मीरचा आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. तालीम रद्द झाल्याने सगळेच नवखे झाले हे खरे. पण घरी डझनभर तयार उतार असलेल्याचे नवखेपण आणि गुलमर्गमध्ये हिमवृष्टीची वाट पाहणाऱ्याचे नवखेपण सारखे नसते. २०२५ मध्ये तर गुलमर्गला पुरेसा बर्फच पडला नाही, म्हणून खेलो इंडियाच्या तिथल्या स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

काही जण म्हणतील, आपल्याला या बर्फाच्या गोष्टी कशाला? आपण तर घामाघूम शहरात राहतो. त्यांना मी बोरीवली स्टेशनवर उभे राहायला सांगेन. तिथून अहमदाबादच्या गाड्या सुटत असतात, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद याच अहमदाबादला मिळाले आहे. त्यापुढे २०३६ चे ऑलिंपिकही आपल्याला हवे आहे. म्हणजे रंगीत तालीम घेण्याची पाळी आता आपली आहे.

आणि या बाबतीत आपली आठवण चांगली नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. दिल्लीच्या २०१० च्या स्पर्धांची ती तयारी मानली जात होती. दोन्हींच्या आयोजनाची धुरा पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी यांच्याकडेच होती. पुण्यातल्या स्पर्धा पार पडल्या, सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. पण बालेवाडीची तालीम बालेवाडीचीच होती. ती दिल्लीच्या पुलांची तालीम कशी होणार? २१ सप्टेंबर २०१० ला, स्पर्धा बारा दिवसांवर आली असताना, जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि वीसहून अधिक मजूर जखमी झाले. दुसऱ्याच दिवशी वेटलिफ्टिंगच्या हॉलमधल्या छताचा भाग खाली आला. ज्या जागी स्पर्धा, त्याच जागी तालीम, हा चाचणीचा पहिला नियम आहे. नाटकाची तालीम दुसऱ्या नाट्यगृहात घेतली तर संवाद पाठ होतात, पण विंगेतला खिळा कुठे वर आलाय ते कळत नाही.

डेहराडूनची गोष्ट आणखी वेगळी. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे मोठे आइस रिंक बांधले. स्पर्धा झाली आणि रिंक वर्षानुवर्षे बंद पडले. २०२५ मध्ये ते दुरुस्त करून पुन्हा सुरू केले आणि ऑगस्टमध्ये तिथे आशियाई स्तरावरची शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली. मधली चौदा वर्षे ते रिंक चालू असते, तर माझ्या भाचीसारख्या किती मुलांना वीस मिनिटांऐवजी वीस महिने मिळाले असते! तालमीची जागाच बंद ठेवायची आणि मग पदक का येत नाही म्हणून विचारायचे, हा आपला रिवाज आहे.

आपल्याला जमत नाही असे मात्र नाही. बोरीवलीकरांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे. ३१ मे २०२१ ला मेट्रोच्या चाचणी फेऱ्या सुरू झाल्या. लॉकडाऊनच्या त्या दिवसांत लिंक रोडवरच्या इमारतींतून आम्ही रिकामी गाडी जाताना-येताना पाहायचो. लोक वैतागून म्हणायचे, "धावतेय तर मग बसू का देत नाहीत?" प्रवासी चढले ते २ एप्रिल २०२२ ला, तेही अर्ध्याच मार्गावर. पूर्ण मार्ग जानेवारी २०२३ मध्ये खुला झाला. दहा महिने गाडी रिकामी पळाली, आणि त्यानंतर मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा दाखला मिळाला. हे आयुक्त ना मेट्रो बांधणाऱ्यांच्या हाताखाली असतात, ना चालवणाऱ्यांच्या. ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. यातच सगळे आले. 'थांबा' म्हणण्याचा अधिकार ज्याला उद्घाटनाची घाई नाही त्याच्याकडे आहे.

खेळाच्या मैदानांना असा आयुक्त नाही. अग्निशमनाचा दाखला असतो, बांधकामाचा असतो, पोलिसांची परवानगी असते. पण दारे, जिने, रस्ते, स्टेशन आणि गर्दी हे सगळे एकत्र तपासून 'अजून तयार नाही' असे म्हणणारा कोणी नाही. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले. त्या स्टेडियमवर वर्षानुवर्षे सामने होत आले आहेत. पण विजयोत्सवाची त्या दिवसाची गर्दी, आयत्या वेळची घोषणा, अर्धवट उघडलेली दारे, याची तालीम कोणी घेतली होती?

म्हणून अहमदाबादच्या आयोजकांकडे, आणि उद्या मुंबईत काही व्हायचे असेल तर आपल्याकडेही, माझ्या तीन मागण्या आहेत. एक, प्रत्येक नव्या मैदानाची चाचणी स्पर्धा निदान एक वर्ष आधी, प्रेक्षकांसह व्हावी, आणि तिच्यात काय चुकले ते लोकांसमोर छापून यावे. दोन, चाचणीनंतर थांबवण्याचा अधिकार आयोजकांबाहेरच्या माणसाकडे असावा. तीन, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची, सरावाच्या वेळेची वाटणी उलटी व्हावी. ज्यांच्या घरी तशी सोय नाही, त्यांना आधी आणि जास्त वेळ मिळावा.

यजमानाने घरच्या पोरांना जास्त सराव द्यावा, यात गैर काय, असे कोणी विचारेल. पदकांच्या हिशेबाने काहीच गैर नाही. पण आपल्याकडे पाहुणा जेवायला आला तर आधी ताट त्याला वाढतात, घरची मुले मागून बसतात. हा रिवाज आपण पंगतीत पाळतो. मैदानावर का पाळू नये? शिवाय यात नुसते सौजन्य नाही. नवख्याला जिथे भीती वाटते, तिथेच बहुधा बांधकामातली खोट असते. सवय झालेला खेळाडू ती खोट चुकवून जातो आणि ती तशीच राहते. नोदारला जास्त फेऱ्या मिळाल्या असत्या तर तो वाचला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. पण त्याला त्या मिळायला हव्या होत्या, हे सांगायला कोणत्या अहवालाची गरज नाही.

गोराईचे ते पार्क आता बंद आहे. अब्बाही राहिले नाहीत. भाची मात्र या हिवाळ्यात पुन्हा उत्तरेला निघाली आहे. या वेळी आपाने तिला चार दिवस आधी पाठवायचे ठरवले आहे, पदरचे पैसे घालून. निघताना मी तिला अब्बांचेच वाक्य सांगितले : आधी कठड्याजवळ पड. ती हसून म्हणाली, "मामू, कठड्याजवळ पडायलाही वेळ द्यावा लागतो ना कुणीतरी."